आयर्लंडची ॲथलेटिक्समधली ऑलिंपिक पदकं सात, मग नाव एवढं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयर्लंडला ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांत आजवर जेमतेम सात पदकं मिळाली. तरी मध्यम आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींचा विषय निघाला की जुने प्रशिक्षक आयरिश नावं का घेतात? आणि १५०० मीटरच्या मुलांना शिकवणाऱ्याने त्यातलं नेमकं काय बघावं?

सातचा आकडा बरोबर आहे. पॅरिस २०२४ पर्यंत चार सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य. त्यातलं शेवटचं सुवर्ण १९५६ चं. पण मध्यम पल्ल्याच्या मुलांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत आहे की आयर्लंडचा पदकतक्ता बघून त्या देशाच्या ॲथलेटिक्सबद्दल काहीच कळत नाही. खेळाडू जन्मला कुठे, घडला कुठे आणि मैदानात उतरला कोणाच्या नावाने, या तिन्हींचं उत्तर तिथे क्वचितच एक येतं. ते कसं, हे समजलं की सातच्या आकड्याचाही उलगडा होतो.

सुरुवात हातोडाफेकीपासून करावी लागेल. १९०० ते १९३२ या काळात १९२४ चा अपवाद सोडला तर हातोडाफेकीचं प्रत्येक ऑलिंपिक सुवर्ण आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने जिंकलं. जॉन फ्लॅनगनने १९००, १९०४ आणि १९०८ अशी सलग तीन जिंकली, १९१२ मध्ये मॅट मॅकग्राथने, १९२० मध्ये पॅट्रिक रायनने. हे तिघेही अमेरिकेसाठी खेळले. गरिबीपायी देश सोडून तिकडे गेलेल्या त्या पिढीतले हे धिप्पाड गडी. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश अंमलाखाली होता, त्यामुळे मायदेशी राहिलेल्याला ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या नावानेच उतरावं लागे. १९०६ ला अथेन्समध्ये पीटर ओ'कॉनरला लांब उडीचं रौप्य मिळालं आणि वर ब्रिटनचा झेंडा चढला, तेव्हा तो स्वतः झेंड्याच्या खांबावर चढला आणि त्याने हिरवा आयरिश झेंडा फडकावला. हा तोच ओ'कॉनर, ज्याने १९०१ मध्ये डब्लिनला ७.६१ मीटरची उडी मारून जागतिक विक्रम केला होता. ती उडी आयरिश विक्रम म्हणून १९९० पर्यंत टिकली. खांबावर चढण्याची गोष्ट सगळे सांगतात. मला उडी जास्त महत्त्वाची वाटते.

स्वतंत्र आयर्लंडचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण कॉर्क परगण्यातल्या डॉ. पॅट ओ'कॅलहन यांनी १९२८ ला ॲम्स्टरडॅममध्ये हातोडाफेकीतच मिळवलं. त्यांना शिकवणाऱ्यांत अमेरिकेहून परतलेला फ्लॅनगन होता. म्हणजे जी विद्या देशाबाहेर गेली होती, ती एका माणसाबरोबर परत आली. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये ओ'कॅलहन शेवटच्या फेकीपर्यंत मागे होते. शेवटची फेक ५३.९२ मीटर गेली आणि सुवर्ण पुन्हा त्यांचं झालं. त्याच दुपारी बॉब टिस्डॉलने ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ५१.७ सेकंदांत जिंकली. ही शर्यत तो त्याआधी मोजक्याच वेळा पळला होता. वेळ जागतिक विक्रमापेक्षा चांगली होती, पण त्याच्या हातून एक अडथळा पडला होता आणि तेव्हाच्या नियमाने अशा शर्यतीतला विक्रम धरत नसत. त्यामुळे सुवर्ण टिस्डॉलला मिळालं आणि विक्रम दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या नावावर लागला.

टिपरेरी परगण्यातल्या नीना गावात न्यायालयासमोर तीन ऑलिंपिक विजेत्यांचे पुतळे आहेत: टिस्डॉल, मॅट मॅकग्राथ आणि १९०८ ची मॅरेथॉन जिंकलेला जॉनी हेज. तिघांपैकी फक्त टिस्डॉल आयर्लंडसाठी खेळला, आणि त्याचाही जन्म श्रीलंकेतला. मॅकग्राथ अमेरिकेसाठी खेळला. हेज तर जन्मलाच न्यूयॉर्कमध्ये, फक्त घराणं नीनाचं.

यानंतर जे झालं ते मला आजही सलतं, आणि सातचा आकडा सातच का राहिला याचं निम्मं उत्तर तिथे आहे. आयर्लंडची फाळणी होऊन उत्तर भाग ब्रिटनकडे राहिला होता, पण ॲथलेटिक्सची राष्ट्रीय संघटना उत्तरेसह सगळ्या ३२ परगण्यांवर आपला हक्क सांगत होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम केला की संघटनेची हद्द राजकीय सीमेपाशी संपते. आयरिश संघटनेने नकार दिला आणि १९३५ मध्ये तिला निलंबित केलं गेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला आयर्लंड गेलाच नाही. तिथे हातोडाफेकीचं सुवर्ण ५६.४९ मीटरला गेलं. पुढच्याच वर्षी फर्मॉयच्या मैदानावर ओ'कॅलहन यांनी ५९.५६ मीटर फेक केली. रायनच्या १९१३ च्या जागतिक विक्रमापेक्षा ती पावणेदोन मीटरने लांब होती. पण संघटना महासंघाबाहेर होती, म्हणून त्या फेकीची नोंद झाली नाही. १९३८ मध्ये एका जर्मन खेळाडूने नवा अधिकृत विक्रम केला, तो ५९.०० मीटरचा. आकडे शेजारी ठेवून बघा. मधल्या काळात सीमा मान्य करणारी दुसरी संघटना उभी राहिली, आणि ही फूट बहुतांशी १९६७ मध्ये नवी एकत्र संघटना होईपर्यंत चालली. महासंघाबाहेर राहिलेल्या बाजूच्या क्लबांतली मुलं तोवर देशाबाहेर खेळूच शकत नव्हती. किती जणांची वर्षं त्यात गेली, हे कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही.

दुसरं निम्मं उत्तर अमेरिकेत आहे, फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठात. १९४० च्या दशकाच्या शेवटी काही आयरिश धावपटू तिथे शिष्यवृत्तीवर गेले आणि तो रस्ता रुळला. प्रशिक्षक होते जंबो एलियट. रॉनी डिलेनी तिथला. मेलबर्न १९५६, १५०० मीटरची अंतिम शर्यत. डिलेनी २१ वर्षांचा, त्या हंगामात दुखापतीने मागे पडलेला, आणि यजमानांचा जॉन लँडी सगळ्यांचा लाडका. ही शर्यत मी माझ्या मुलांना दाखवतो ती वेगासाठी नाही. शेवटच्या लॅपच्या घंटेला सगळा घोळका एकमेकांना चिकटून होता आणि डिलेनी जवळजवळ तळाला. तो घाबरून बाहेरून सुसाट सुटला नाही. जागा मिळेपर्यंत थांबला, शेवटच्या ३०० मीटरला पाय उघडले आणि शेवटचा लॅप ५४ सेकंदांच्या आत काढला. ३:४१.२, ऑलिंपिक विक्रम. रेषा ओलांडल्यावर तो गुडघे टेकून प्रार्थना करत होता. त्याला काही झालं की काय म्हणून लँडी धावत आला आणि त्याने हात देऊन उठवलं. आपली मुलं हरतात ती बहुतेक घंटेआधीच हरतात, कारण घोळक्यात अडकलं की त्यांचा श्वास आणि डोकं दोन्ही सुटतं. डिलेनी अडकलेला असतानाही हात सैल ठेवून पळतो, ते बघा.

दोन वर्षांनी, १९५८ च्या ऑगस्टमध्ये, डब्लिनच्या सँट्री मैदानावर एका मैलाच्या शर्यतीत पाच जण चार मिनिटांच्या आत आले. हर्ब एलियटने ३:५४.५ चा जागतिक विक्रम केला, डिलेनी तिसरा आला. तो ट्रॅक उभा करणारे बिली मॉर्टन पेशाने चष्म्यांचे डॉक्टर होते आणि ॲथलेटिक्स त्यांच्या हौसेचं काम होतं. आज ते मैदान त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आयर्लंडची क्लबसंस्कृती अशाच माणसांनी धरून ठेवली.

एमन कॉगलनही व्हिलानोव्हाचा. लाकडी फळ्यांच्या इनडोअर ट्रॅकवर त्याला तोड नव्हती. न्यूयॉर्कची प्रसिद्ध वॅनामेकर मैल तो सात वेळा जिंकला आणि १९८३ मध्ये इनडोअर मैल ३:४९.७८ मध्ये पळाला. ऑलिंपिकने मात्र त्याला दोनदा चौथ्या क्रमांकावर सोडलं, १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये १५०० मीटरला आणि १९८० ला मॉस्कोत ५००० ला. व्हिलानोव्हाचे जंबो एलियट सर १९८१ मध्ये गेले. १९८३ ला हेलसिंकीत पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ५००० मीटरच्या शेवटच्या वळणावर सोव्हिएत दमित्रियेव्हला गाठताना कॉगलनने दोन्ही मुठी आवळल्या, चेहरा फुललेला, शर्यत अजून शंभर मीटर बाकी. असं करू नये असंच मी मुलांना सांगतो, पण दोन चौथ्या क्रमांकांचं ओझं ज्याने वाहिलं त्याला ते शोभलं. १९९४ मध्ये वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो मैल ३:५८.१५ मध्ये पळाला. चाळिशीनंतर चार मिनिटांच्या आत येणारा तो पहिला माणूस. त्याच पिढीतले मार्कस ओ'सलिव्हन १५०० मीटरला तीनदा आणि फ्रँक ओ'मारा ३००० ला दोनदा जागतिक इनडोअर विजेते झाले. गंमत बघा, आयर्लंडमध्ये तेव्हा धड इनडोअर ट्रॅक नव्हता. ही सगळी पदकं अमेरिकेतल्या हिवाळ्यांनी घडवली होती.

चिखलाची सवय मात्र आयरिश धावपटूंना घरचीच. क्रॉसकंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून माळरान आणि चिखलातून पळायची शर्यत, हा त्यांचा खरा खेळ. वॉटरफर्ड परगण्यातला जॉन ट्रेसी १९७८ ला ग्लासगोत आणि १९७९ ला लिमरिकमध्ये, म्हणजे स्वतःच्या देशात, जागतिक क्रॉसकंट्री विजेता झाला. लिमरिकला आयर्लंडच्या पुरुष संघानेही रौप्य जिंकलं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याने आधी १०,००० मीटरची अंतिम शर्यत पळली, मग आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळायला उभा राहिला आणि २:०९:५६ मध्ये रौप्य घेऊन आला. पोर्तुगालचा कार्लोस लोपेस पुढे होता, ब्रिटनचा चार्ली स्पेडिंग दोन सेकंद मागे. ट्रेसी स्टेडियममध्ये शिरला तेव्हा आयरिश समालोचक जिमी मॅगी यांनी आयर्लंडच्या आधीच्या ऑलिंपिक पदकविजेत्यांची नावं एकामागून एक घेतली आणि शेवटी ट्रेसीचं नाव जोडलं. यादी एवढी छोटी होती की ट्रॅकवरच्या त्या शेवटच्या अंतरात मावली.

कावन परगण्यातली कॅथरीना मॅकियरनन हे नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, ते घ्यायला हवं. १९९२ ते १९९५ जागतिक क्रॉसकंट्रीत सलग चार रौप्य, मग १९९७ ला बर्लिन आणि १९९८ ला लंडन व ॲम्स्टरडॅम मॅरेथॉन.

आता सोनिया ओ'सलिव्हन. माझ्या मते आयर्लंडने घडवलेली सर्वांत मोठी धावपटू, डिलेनीपेक्षाही. कॉर्कजवळच्या कोव्ह या बंदरगावची. १९९२ ला बार्सिलोनात ३००० मीटरला चौथी. १९९३ ला श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत ३००० ला पुन्हा चौथी, पुढे तिघीही चिनी. त्या चिनी गटाबद्दल पुढे बरेच प्रश्न विचारले गेले. सोनियाने मात्र काही दिवसांत त्याच मैदानावर १५०० चं रौप्य घेतलं. १९९४ मध्ये २००० मीटरचा जागतिक विक्रम, ५:२५.३६. १९९५ ला योटेबोरीत ५००० मीटरची जागतिक विजेती. १९९६ ला अटलांटात ती जिंकणार असं सगळं जग धरून चाललं होतं. तिथे संघाच्या कपड्यांवरून दोन आयरिश संघटनांचं भांडण झालं आणि प्राथमिक फेरीच्या तोंडावर तिला स्टेडियमच्या बोगद्यात कपडे बदलायला लावले गेले. अंतिम शर्यतीत ती अर्ध्यातून बाहेर पडली. पोटाच्या त्रासाने ती आधीच खचलेली होती, त्यामुळे सगळा दोष कपड्यांवर टाकता येणार नाही. पण शर्यतीच्या वेळी खेळाडूच्या डोक्यावर संघटनेचं भांडण लादणं हा गुन्हा आहे, आणि आपल्याकडच्या प्रत्येक संघ व्यवस्थापकाने तो प्रसंग वाचावा.

यापुढचा भाग मला जास्त शिकवतो. १९९७ चं वर्षही तिला कठीण गेलं. १९९८ च्या मार्चमध्ये माराकेशला ती जागतिक क्रॉसकंट्रीत शनिवारी लांब पल्ल्याची आणि रविवारी छोट्या पल्ल्याची, अशा दोन्ही शर्यती जिंकली. ऑगस्टमध्ये बुडापेस्टला युरोपियन स्पर्धेत ५००० आणि १०,००० दोन्ही. ट्रॅकवर मोडलेला आत्मविश्वास तिने क्रॉसकंट्रीत जोडला, तिथे घड्याळ कोणी बघत नाही. सिडनी २००० च्या वेळी मुलीच्या जन्माला सव्वा वर्षही झालं नव्हतं. ५००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पूर्वार्धातच ती मागे पडली. अटलांटाची पुनरावृत्ती होणार असं वाटत असताना एकेकीला गाठत पुढच्या गटाला चिकटली आणि शेवटच्या लॅपला रुमानियाच्या गॅब्रिएला साबोशी भिडली. साबो १४:४०.७९, सोनिया १४:४१.०२. हे रौप्य मी कितीतरी सुवर्णांच्या वर ठेवतो.

चालण्याच्या शर्यतीला आपल्याकडे अजूनही कोणी फारसं मोजत नाही, म्हणून हे सांगतो: इनडोअर आणि क्रॉसकंट्री सोडली तर आयर्लंडच्या चार जागतिक सुवर्णांपैकी दोन चालण्यातली आहेत. ऑलिव्ह लॉकननला २००९ ला बर्लिनमध्ये २० किलोमीटरचं रौप्य मिळालं होतं. पुढे असलेली रशियन स्पर्धक उत्तेजकांमुळे बाद झाली आणि २०१६ मध्ये ते सुवर्ण झालं. कॉर्कच्या रॉब हेफर्ननचंही तसंच. लंडन २०१२ ला ५० किलोमीटरमध्ये तो चौथा होता, कांस्य त्याच्या हातात २०१६ मध्ये आलं, तेही कॉर्क शहरात. पण मधल्या काळात, २०१३ ला मॉस्कोत, तो ३:३७:५६ मध्ये एक मिनिटापेक्षा जास्त फरकाने जागतिक विजेता झाला होता. त्याला शिकवत होती त्याची बायको मारियन, जी स्वतः ४०० मीटरची धावपटू. बक्षीससमारंभाचा तो क्षण, राष्ट्रगीत, पुरस्कर्ते, हे चार नि सात वर्षांनी भरून निघत नाही.

गेल्या दहा वर्षांतला बदल तुमच्या प्रश्नात आलेला नाही, पण तो सगळ्यांत मोठा आहे. आयर्लंड वेगवान झाला. थॉमस बार रिओ २०१६ ला ४०० मीटर अडथळ्यांत ४७.९७ मध्ये चौथा आला, कांस्यापासून ०.०५ सेकंद दूर. अथलोनला २०१३ मध्ये आणि डब्लिनजवळ अॅबट्सटाउनला २०१७ मध्ये चांगले इनडोअर ट्रॅक आले. पाऊसवाऱ्याच्या देशात त्याशिवाय स्प्रिंटर तयार होत नाही. शिवाय देशाची लोकसंख्या बदलली. डब्लिनच्या टाला भागात वाढलेली, नायजेरियन आईवडिलांची रॅशिदत आडेलेके २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाकडून अमेरिकन महाविद्यालयीन ४०० मीटर ४९.२० मध्ये जिंकली. जून २०२४ ला रोममध्ये युरोपियन स्पर्धेत क्रिस ओ'डॉनेल, आडेलेके, बार आणि शार्लीन मॉडस्ली यांनी मिश्र ४ बाय ४०० रिले ३:०९.९२ मध्ये जिंकली. आडेलेकेने ४०० मध्ये ४९.०७ चं रौप्य घेतलं, महिला रिलेलाही रौप्य. पॅरिसला आडेलेके चौथी. महिला रिले संघही, सोफी बेकर आणि फिल हीली धरून, ३:१९.९० मध्ये चौथा, ब्रिटनच्या कांस्यापेक्षा ०.१८ ने मागे. पदकतक्त्यात याचं काहीच दिसत नाही. पण एकट्या प्रतिभावानाला परदेशी घडवता येतं, चार जणींचा रिले संघ मात्र देशातल्या क्लबांत भरपूर मुली पळत असल्याशिवाय उभा राहत नाही. आडेलेकेच्या बाबतीत मला काळजी एकच वाटत आली आहे. अमेरिकन महाविद्यालयीन हंगाम जानेवारीपासून शर्यती पळवतो. २०२५ चा हंगाम तिला दुखापतींमुळे लवकर संपवावा लागला. आपल्याकडची मुलं आता तिकडच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी करतात, त्यांनी फीमाफीबरोबर वर्षाला किती शर्यती पळाव्या लागतील हेही विचारावं.

याउलट केट ओ'कॉनर. डंडॉकची, वडीलच प्रशिक्षक, तयारी घराजवळ. २०२५ मध्ये तिने जागतिक इनडोअरमध्ये पेंटॅथलॉनचं (पाच प्रकार मिळून एक स्पर्धा) रौप्य आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं (तसेच सात प्रकार) रौप्य घेतलं, ६,७१४ गुण. सात प्रकारांचं शिक्षण देशातच देता येतं हे आयर्लंडमध्ये याआधी कोणी दाखवलं नव्हतं. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र ती उत्तर आयर्लंडसाठी उतरते. कोणाच्या नावाने, हा प्रश्न तिथे अजून आहे, पण आता त्यापायी कोणाची वर्षं वाया जात नाहीत.

उत्तर आयर्लंडच्याच पोर्टाफेरीची कीरा मगीअन १५०० मीटरची, म्हणून तुमच्या मुलांसाठी सर्वांत जवळची. २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ती ३:५६.६१ मध्ये पळाली आणि चौथी आली. रोम २०२४ ची युरोपियन अंतिम शर्यत शोधा. शेवटच्या सरळ पट्ट्यात ती आत कोंडलेली आहे, पुढे दोन ब्रिटिश खेळाडू, बाहेर वाट नाही. ती वेग तोडत नाही, फट उघडताच खांदा घालून निघते आणि ४:०४.६६ मध्ये जिंकते. आधी ही शर्यत दाखवा, मग डिलेनीची. मुलांना विचारा की दोघांनी निघण्याआधी किती वेळ वाट पाहिली. त्यानंतर मैदानावर सहा जणांचा घोळका करून ६०० मीटर पळवा, एकाला मुद्दाम आत कोंडा, आणि शेवटच्या दीडशेपर्यंत बाहेर पडायचं नाही अशी अट घाला. आठवड्यातून एकदा, दर वेळी वेगळा मुलगा आत.